बेंजामिनाची हिरवी पानं गळतायत (घोडबंदर रोड, चौदावा मजला)

खाडीकाठची, ठाणे

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आधी हॉलसाठी फायकस बेंजामिना आणला. माझ्या खांद्याइतका उंच, तीन खोडांची वेणी घातलेला, वर पानांचा गच्च गोळा. नर्सरीत शेडनेटच्या बाहेर उन्हात उभा होता आणि इतका टवटवीत, की मला भाव करायचंही सुचलं नाही. जे मला ओळखतात त्यांना कळेल हे किती दुर्मीळ आहे ते.

घरी आल्यावर थोडे दिवस बरा होता. मग पानं गळायला लागली. पिवळी पडून गळली असती तर समजून घेतलं असतं. ही हिरवीच्या हिरवी गळतायत. पडद्याचा नुसता स्पर्श झाला तरी टपटप. रोज केर काढताना सुपलीभर पानं निघतात. बाहेरून अजून झाड दिसतं, पण फांद्या बाजूला करून आत पाहिलं तर सगळ्या काड्याच.

तपशील देते, नाहीतर इथले जाणकार आधी तेच विचारतात. हॉलची मोठी सरकती खिडकी उत्तरेला, खाडीच्या बाजूला आहे. कुंडी खिडकीपासून लांब, सोफ्याच्या कोपऱ्यात, कारण तो शोभतो तिथेच. एसी समोरच्या भिंतीवर. ऑक्टोबरच्या उकाड्यात रोज रात्री चालायचा, आता डिसेंबरात क्वचितच. पाणी एक दिवसाआड एक मग. नर्सरीवाल्याने ‘रोज थोडं थोडं घाला’ असं बजावलं होतं. वरची माती कायम ओली दिसते, पण पाणी घातलं की लगेच खालच्या ताटलीत उतरतं. झाडाने प्यायलं की नुसतं बाजूने निघून गेलं, काही कळत नाही. खत अजून दिलेलं नाही.

घरातली मतं: नवऱ्याच्या मते सोसायटीच्या बागेत नेऊन लावावा. सासूबाईंच्या मते वड-पिंपळाच्या कुळातलं झाड घरात आणायचंच नव्हतं, आता ते स्वतःच जायला निघालंय. बोका गळलेल्या पानांशी खेळतो, त्याची वेगळी काळजी. मी यूट्यूबवर पाहिलं तर सगळे म्हणतात दमटपणा वाढवा, कुंडीखाली खडे आणि पाणी ठेवा. ठाण्यात? आमच्याकडे मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात.

झाड मरतंय का? हलवू की तिथेच राहू देऊ? मोठ्या कुंडीत लावू का?

गच्चीवरची शेती, डोंबिवली

ताई, घाबरू नका, उपाशी आहे ते. चहाचा चोथा धुऊन घाला, केळ्याच्या सालीचं पाणी आठवड्यातून दोनदा, आणि लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट. कुंडी लगेच एक साइज मोठी करा, मुळं कोंडली असणार. आणि सोसायटीला देऊ नका, नासाने सांगितलंय की हे झाड हवा शुद्ध करतं. घोडबंदरला त्याची गरज आहे!

महापेचा माळी, घणसोली

ताई, वरच्या दादांचा मान राखून सांगतो, यातलं एकही आत्ता करू नका. पानं टाकणाऱ्या झाडाला खत देणं म्हणजे अंगात ताप असताना पुरणपोळी वाढणं. चोथा आणि साली घरातल्या कुंडीत कुजतात, चिलटं होतात, मग तुम्ही चिलटांसाठी नवा प्रश्न टाकणार.

मी महापे-ऐरोली पट्ट्यातल्या ऑफिसांची झाडं सांभाळतो. झाडं भाड्याने देणं, पाणी घालणं, पानं पुसणं, हेच काम. लोक विचारतात, आमच्या ऑफिसात लिफ्टसमोर ट्यूबलाइटखाली झाडं वर्षभर हिरवीगार कशी? अहो, ती तीच झाडं नसतात. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी लवकर टेम्पो येतो, आतली बाहेर जातात, बाहेरची आत येतात. बाहेर गेलेली शेडनेटखाली पडून बरी होतात. तुम्हाला दिसतं एक झाड, आमच्या वहीत त्या एका जागेवर दोन-तीन झाडांची पाळी असते. ऑफिसातलं बघून घरी कोपरा सजवायला गेलं की फसायला होतं ते यामुळे. स्नेक प्लांट, मनी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा यांना या पाळीचं काही वाटत नाही. बेंजामिना मी पाळीत घेतच नाही. तो आत गेला की पानं टाकतो, बाहेर आला की पुन्हा टाकतो, माझा माणूस फक्त पानं गोळा करत बसतो.

आता तुमच्या झाडाचं. नर्सरीत उन्हात आलेली पानं उन्हासाठीच घडलेली असतात, जाड आणि भरपूर उजेडावर चालणारी. तुमच्या कोपऱ्यात तेवढा उजेड नाही. तिथे ते पान जेवढं कमावतं त्याहून जास्त खातं. झाड असलं पान सांभाळत नाही, देठापासून सोडून देतं. आधी आतल्या बाजूची पानं जातात, कारण तिथे अंधार सगळ्यात जास्त. तुम्हाला आत काड्या दिसतात त्या म्हणूनच. पुढे त्या जागेच्या उजेडाला परवडतील अशी पातळ पानं येतात. पण येण्यापुरता उजेड तरी हवा. फांदीवर नखाने हलकं खरवडून बघा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर तेवढी गेली.

उजेड डोळ्यांनी मोजू नका, डोळा फसवतो. फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं. अगदी अचूक नसतं, पण तुलनेला पुरतं. भर उन्हात आकडा लाखाच्या आसपास जातो. ऑफिसात टेबलावर तीनशे-पाचशे असतो. पानांच्या उंचीवर फोन धरा आणि सोफ्याचा कोपरा, खिडकीची काच, दुसऱ्या खोल्या, सगळीकडचा आकडा दुपारी लिहून काढा. हजाराच्या खाली बेंजामिना ठेवायला मी तरी कोणाला सांगणार नाही. दोन-तीन हजार दिवसभर मिळाले तर तो खुशीत राहतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली, ती पाण्याची. वरची माती ओली आणि पाणी मात्र झरकन ताटलीत, हे लक्षण नीट बघा. मुंबईकडची बरीच शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमहून नाहीतर उरुळी कांचनकडून ट्रकने येतात. वाटेत फुटू नये म्हणून मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. इथला नर्सरीवाला तो गोळा कुंडीत ठेवतो आणि बाजूने कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरतो. तुम्ही मगभर पाणी घालता, ते कोकोपीटमधून खाली. गोळा एकदा आतून सुकला की पाणी धरत नाही. वर ओलं, आत दगड, आणि मुळं त्या दगडात. तुमचं झाड एकाच वेळी ओलं आणि तहानलेलं असू शकतं.

खराट्याची एक लांब काडी घ्या आणि खोडापासून चार बोटांवर सरळ खाली खुपसा. अर्धा तास ठेवून काढा. कुठवर जाते, कुठे अडते, काय लागून येतं ते इथे लिहा. मग पाण्याचं सांगतो.

एसी म्हणाल तर गारव्याने नाही, झोताने त्रास होतो. वारा थेट पानांवर येत असेल तर एसीची पाती वर करा, एवढंच. खडे-पाण्याची ताटली बर्फ पडणाऱ्या गावांसाठी, जिथे घरात हीटर लावून हवा कोरडी होते. आपल्याकडे त्यात फक्त डास होतील.

आणि वेणीत कुठे प्लास्टिकची पट्टी किंवा तार राहिलीय का बघा. बऱ्याचदा राहते. खोड जाड होत जातं तशी ती रुतते आणि तिघांतलं एक खोड वरून सुकतं. असेल तर कापून टाका. वेणी सुटत नाही, ती आता तशीच वाढलेली असते.

खाडीकाठची, ठाणे

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. सांगितलं तसं सगळं केलं.

काडी दोन बोटं गेली आणि अडली. कडेने घातली तर तळापर्यंत सरळ गेली आणि कोकोपीट लागून आलं. मधे मात्र खरंच दगड. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, हे तर मडकं आहे.

आकडे, दुपारी साडेबाराचे: सोफ्याचा कोपरा दीडशेच्या आतबाहेर (मला तो कोपरा चांगला उजेडाचा वाटायचा!), हॉलच्या काचेला अगदी लागून दीड हजार, बेडरूमच्या दक्षिणेच्या खिडकीत उन्हाचा पट्टा येतो तिथे तीस हजारांवर, पट्ट्याच्या बाहेर चार हजार. नखाने खरवडलं. बहुतेक फांद्या हिरव्या आहेत, आतल्या बारीक काड्या वाळल्यात. वेणीत खालच्या बाजूला हिरवी पट्टी होती, नवऱ्याने कापली. पांढरा चीक आला तो त्याच्या टी-शर्टला लागला आणि गेला नाही, त्यामुळे झाडाबद्दलचं त्याचं मत आणखी खाली आलंय.

एक नवीन सापडलं. शेंड्याकडची काही पानं मधल्या शिरेवर करंजीसारखी दुमडलीत आणि त्यांच्यावर लालसर ठिपके आहेत. एक उघडलं तर आत बारीक काळे किडे, चालणारे, आणि पांढरट काहीतरी. अंगावर काटा आला. हे काय आणखी? यामुळेच पानं गळतायत का?

आणि मनातलं सांगू का, मला तो हॉलमध्येच हवाय. बेडरूममध्ये कोण बघणार?

भूगोलाच्या बाई, नेरुळ

आधी किड्यांचं, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. हे फुलकिडे. फायकसवर येणारी त्यांची खास जात आहे, शास्त्रीय नाव गायनायकोथ्रिप्स. कोवळ्या पानातून रस शोषतात, पान दुमडतं आणि त्या घरात अंडी, पिल्लं, मोठे, सगळं कुटुंब नांदतं. काळे ते मोठे, पांढरट ती पिल्लं आणि अंडी. आमच्या इथे रस्त्याकडेला बेंजामिनाची कापलेली कुंपणं आहेत, त्यांवर अशी दुमडलेली पानं नेहमी दिसतात, आणि तरी ती कुंपणं वर्षानुवर्षं उभी आहेत. झाड यांनी मरत नाही, फक्त विद्रूप दिसतं. तुमची पानगळ यांच्यामुळे नाही. गळतायत ती जुनी, सपाट पानं. हे किडे कोवळ्या पानांवर असतात.

फवारणीच्या मागे लागू नका, दुमडलेल्या पानाच्या आत फवारा पोचत नाही. ती पानं देठासकट खुडा, पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि कचऱ्यात द्या. नुसती केरात टाकलीत तर किडे चालत परत येतील. नवी पालवी आली की आठवड्यातून एकदा शेंडे तपासा. त्या वेळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारलं तर चालेल.

आता खिडकीचं. सगळे ‘उजेडात ठेवा’ म्हणतात, पण आपल्या गावात कुठल्या महिन्यात कुठून उजेड येतो ते कोणी सांगत नाही. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की भर दुपारी तो क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येतं, म्हणून तुमच्या बेडरूममध्ये पट्टा पडतो. उत्तरेच्या खिडकीला या दिवसांत सूर्य दिसतच नाही. तुम्ही झाड आणलंत दिवाळीला आणि ठेवलंत उत्तरेच्या खिडकीपासून लांब. सूर्य दक्षिणेला कललेला काळ आणि घरातली सगळ्यात अंधारी बाजू, दोन्ही एकदम.

उन्हाळ्यात चित्र उलटतं. साधारण १५ मेच्या सुमारास आपल्याकडे दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन तुमच्या खाडीकडच्या खिडकीत येईल. शाळेत मुलांना हे सांगितलं की ती अंगणात काठी रोवून खात्री करून घ्यायची. तुम्ही बाल्कनीत पाण्याची बाटली उभी ठेवून बघा.

तेव्हा माझं मत, आत्ता दक्षिणेची खिडकी. हॉलची हौस मेमध्ये बघू.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं कुळाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, अंजीर, तुमचं बेंजामिना आणि सगळ्यांच्या हॉलमधला रबर प्लांट, सगळे फायकसच. मेघालयात ज्या जिवंत मुळांचे पूल करतात तो हाच रबर प्लांट. बँकॉकने तर बेंजामिनाला शहराचं अधिकृत झाड केलंय. पण या कुळातलं झाड जमिनीत लावलं की मुळं पाइपात आणि भिंतीत शिरतात. घराजवळ नको, या जुन्या सांगण्यात एवढं व्यवहारज्ञान नक्की आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं रोप आहे. दरवर्षी कापतो, दरवर्षी येतं. म्हणून तुमच्या मिस्टरांना सांगा, सोसायटीच्या बागेत, पाण्याच्या टाकीजवळ आणि ड्रेनेजच्या वर, हे झाड लावायचा विचार सोडा. बाहेर ते मोठ्या वृक्षाइतकं वाढतं. कुंडीत आहे तोवर आपल्या हातात आहे.

बोक्याची आई, सीवूड्स

बोक्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. चीक मांजरांना आणि कुत्र्यांना बाधतो. पान चावलं तर लाळ गळते, उलटी होते, तोंडाची आग होते. सहसा जिवावर बेतत नाही, पण जास्त खाल्लं किंवा उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरकडे न्या, घरगुती काही पाजू नका. आमच्या बोक्याचा खरा रस पानांत नाहीच, कुंडीतल्या मातीत आहे. मातीवर मोठे गोटे रचलेत, तेव्हापासून थांबला. आणि ज्यांना रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असते त्यांना या चिकाचीही होऊ शकते. छाटताना चीक कातडीला लागला तर लगेच धुवा.

गच्चीवरची शेती, डोंबिवली

माझ्या सगळ्या सल्ल्यांचा इथे खिमा झालाय, हरकत नाही. पण नासाचं तरी खरं ना? मी तो फोटो दहा ग्रुपवर पाठवलाय.

भूगोलाच्या बाई, नेरुळ

प्रयोग खरा आहे, १९८९ चा, आणि त्यात बेंजामिनाही होता. पण तो छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. घरात दारं-खिडक्या असतात, हवा सतत बदलते. २०१९ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले. नुसत्या हवा खेळण्याने जेवढी सफाई होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा हिशेब निघाला. खाडीकाठची यांच्या हॉलमध्ये मग माणसांना जागा उरणार नाही. घोडबंदरला उलटंच होतं, मेट्रोच्या कामाची आणि ट्रकची धूळ पानांवर बसते आणि झाडाचाच उजेड अडतो. ओल्या फडक्याने पानं पुसली तर झाडाला फायदा. तो फोटो अकराव्या ग्रुपवर नका पाठवू.

महापेचा माळी, घणसोली

बाईंनी उन्हाचं सांगितलं ते मी इतकी वर्षं अंदाजाने करत होतो, आज कारण कळलं. एका बाबतीत मात्र मी वेगळं सांगेन. मेमध्ये परत हॉलमध्ये आणायचं नाही. ताई, तो एकदाच हलणार, आता. दर ऋतूला खोली बदललीत तर दर ऋतूला केर काढाल. बेडरूममध्ये उन्हाळ्यात थेट ऊन येणं थांबेल, पण तोपर्यंत नवी पानं आलेली असतील आणि चौदाव्या मजल्यावर आकाशाचा उजेड भरपूर असतो. समोर दुसरा टॉवर नाही ना? नसेल तर चिंता नाही. सोफ्याच्या कोपऱ्यात स्नेक प्लांट ठेवा. दीडशे लक्सला तो वाढणार नाही, पण तक्रारही करणार नाही.

जागा उन्हाच्या पट्ट्यात नको, पट्ट्याच्या कडेला, जिथे चार हजार आले तिथे. सध्याची पानं दीडशेला बसलेली आहेत, एकदम तीस हजारात नेलीत तर करपतील. पातळ पांढरा पडदा असेल तर मग खिडकीशी ठेवला तरी चालेल.

पाण्याचं. आधी हलवा, मग भिजवा. भिजलेली कुंडी उचलताना कंबर जाते. नव्या जागेजवळच मोठ्या टबात कुंडी ठेवा आणि टबात कुंडीच्या काठाच्या जरा खालपर्यंत पाणी भरा. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत ठेवायची, अर्धा-पाऊण तास लागतो. त्या आधी काडीने मधल्या गोळ्यात सात-आठ ठिकाणी भोकं पाडून घ्या, हळू, मुळं तोडायची नाहीत. मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. बेडरूमपर्यंत टब नेणं जमत नसेल तर भोकं पाडून वरून थोडं थोडं, थांबून थांबून पाणी घाला, तासाभरात चार-पाच वेळा. ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं.

नंतर एक दिवसाआडचा मग बंद. काडी खुपसायची, वरची दोन बोटं कोरडी लागली की भरपूर पाणी, खालून निघेपर्यंत. ओली लागली तर हात लावायचा नाही. थंडीत कदाचित आठवड्याने लागेल, मेमध्ये दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात त्याहून कमी वेळा. वार ठरवून पाणी घालू नका, काडी सांगेल तेव्हा घाला.

कुंडी बदलणं फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये, नवे कोंब दिसले की. तेव्हा तो चिकणमातीचा गोळा पाण्यात सोडवून बाहेरून तिसरा हिस्सा काढायचा, सगळा नाही. मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कुंडी फक्त दोन इंच मोठी. फार मोठीत जास्तीची माती ओली राहते आणि मुळं कुजतात. खत त्यानंतर महिन्याभराने, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, पावसाळा संपेपर्यंत.

वाळलेल्या काड्या आत्ता कापल्या तरी चालतील. जिवंत फांद्या मार्चमध्ये छाटा, खालून नवे फुटवे येतील आणि गोळा भरेल. कापल्यावर पाण्याचा फवारा मारला की चीक थांबतो. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, नाहीतर फरशीवर डाग.

खाडीकाठची, ठाणे

समोर टॉवर नाही, अजून तरी. कंपाउंडच्या पलीकडे पत्रे लागलेत, म्हणजे दोन-तीन वर्षांत उभा राहील, तेव्हा पुन्हा येईन इथे.

रविवारी हलवतोय. दुमडलेली पानं आज खुडली आणि पिशवी बांधून दिली. माझी कल्पना होती त्यापेक्षा बरीच निघाली. सासूबाई म्हणतात बेडरूममध्ये नको, त्यांच्या खोलीत ठेवा. त्यांचीही खिडकी दक्षिणेची आहे आणि सकाळी पोथी वाचताना त्यांना सोबत होईल म्हणे. कुळाचा आक्षेप कुठे गेला ते मी विचारलं नाही. त्या मात्र विचारतायत, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं तर चालेल का?

आणि झाड दर आठवड्याला फिरवायचं असतं ना, सगळीकडून सारखा उजेड मिळावा म्हणून?

महापेचा माळी, घणसोली

फिरवणं आत्ता नको. नवी पानं दिसेपर्यंत जशी ठेवली तशी. कुंडीवर खडूने खिडकीच्या बाजूला खूण करा, म्हणजे लादी पुसताना कोणी फिरवली तर परत जागेवर आणता येईल. पालवी आली की महिन्यातून एकदा पाव वळसा.

तांदळाचं पाणी पालवी आल्यावर, मीठ न घातलेलं, महिन्यातून एखाद वेळा, आणि तेही काडी कोरडी असेल तरच. आजींना खराट्याची काडी देऊन ठेवा.

बोक्याची आई, सीवूड्स

आणि गोटे विसरू नका. आजींच्या खोलीत बोका जातो ना?

खाडीकाठची, ठाणे

बोका तिथेच झोपतो. उपवनला जाऊन गोटे बघते, नाहीतर नवऱ्याच्या फिशटँकमधले काढते. टँक रिकामाच पडलाय.